शांतिब्रह्म श्रीनाथ : सर्वांचे ऐकून घेणारे संत

श्रीएकनाथमहाराजांचे नाव घेतले की शांतिब्रह्म हे पद त्याच्या आधी आपोआप तोंडात येते. शांति हा शब्द शम् धातूपासून झाला. शमणे म्हणजे निवणे. जो स्वतः निवला, त्याच्याजवळ तापलेला मनुष्य आला तर तोही निवून जातो. पण हे घडते कसे? वैद्य आधी रोग्याची नाडी पाहतो, मग मात्रा देतो. त्याप्रमाणे समोरच्याचा ताप काय आहे, हे आधी त्याच्याच तोंडून ऐकून घ्यावे लागते. आपले पांडित्य, आपली जात, आपला अभिमान बाजूला ठेवून दुसऱ्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकणे ही फार मोठी तपश्चर्या आहे. श्रीनाथांनी ती जन्मभर केली. त्यांच्या चरित्रातील प्रसंग आपण कीर्तनात पुष्कळदा ऐकतो. आज ते या एका धाग्यात ओवून पाहू.

कुळ आणि काळ

पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. पुढे ते शास्त्री-पंडितांचे पीठ झाले आणि दक्षिण काशी म्हणून नावारूपास आले. शुद्धिपत्रासाठी श्रीज्ञानेश्वरादि भावंडे आली ती याच गावी. येथील एका देशस्थ ऋग्वेदी घराण्यात भानुदासमहाराज होऊन गेले. विजयनगरास गेलेली पांडुरंगाची मूर्ती त्यांनी पंढरीस परत आणली, ही कथा लहान मुलालाही ठाऊक आहे. भानुदासांचे चक्रपाणी, चक्रपाणींचे सूर्यनारायण, आणि सूर्यनारायण व रुक्मिणी यांच्या पोटी शके १४५५, म्हणजे सन १५३३ च्या सुमारास श्रीनाथांचा जन्म झाला. आईबापांचे सुख बाळाला लाभले नाही. दोघेही लवकर वारले. आजोबा चक्रपाणींनी नातवाला वाढवले, मुंज केली, संध्या शिकवली.

काळ कसा होता? बहमनी राज्य मोडून दक्षिणेत पाच शाह्या झाल्या होत्या. पैठण आणि देवगिरी हा मुलूख अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, निजामशाहीत होता. ही शाही सन १४९० मध्ये स्थापन झाली आणि १६३६ पर्यंत टिकली. गंमत अशी, की या निजामशाही घराण्याचे मूळ इतिहासकार पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्यांत सांगतात. दरबारची भाषा फारसी, रयतेची मराठी, फौजेतील आणि बाजारातील दख्खनी. गावचा कुळकर्णी हिशेब मराठीत लिहायचा, पण त्यातले निम्मे शब्द फारसी असायचे. देवळे पाडल्याच्या कथा याच काळाच्या, आणि हिंदु किल्लेदारावर भरवसा टाकणारे सुलतानही याच काळाचे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी झाकली तर नाथांचे कार्य समजणार नाही.

देवगिरीची चाकरी

नाथ बारा वर्षांचे झाले आणि गुरूच्या ओढीने कोणाला न सांगता देवगिरीची वाट चालू लागले. तेथे जनार्दनस्वामी होते. चाळीसगावच्या देशपांडे कुळातले हे सत्पुरुष निजामशाहीच्या वतीने किल्ल्याचा कारभार पाहत. हातात तलवार आणि दप्तर, अंतरात दत्तात्रेय. परंपरा सांगते, की गुरुवारी स्वामी उपासनेत असत म्हणून त्या दिवशी किल्ल्याच्या कचेरीला सुट्टी असे. मुसलमान राजाच्या किल्ल्यात दत्ताचा वार पाळला जात होता! फाल्गुन वद्य षष्ठीस गुरुशिष्यांची भेट झाली असे आपण मानतो.

स्वामींनी या पोराला लगेच मंत्र देऊन मोकळे केले नाही. पाणी भरणे, पूजेची तयारी, पाय चेपणे, आणि त्याबरोबर किल्ल्याचा हिशेब. एका रात्री एका पैचा मेळ बसेना. जमा एक, खर्च एक, आणि मध्ये एक पै हरवलेली. नाथ दिव्यासमोर बसले ते मध्यरात्र उलटली तरी उठेनात. शेवटी चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद, मग या संसाराच्या हिशेबातली चूक सापडली तर केवढा होईल, अशा आशयाचे ते बोलले आणि शिष्याला उपदेशाचा अधिकार आला असे त्यांनी ओळखले.

ही कथा आपण एकाग्रतेची म्हणून सांगतो, ते योग्यच आहे. पण तिच्यात आणखी एक मर्म आहे. पैठणच्या शास्त्र्यांच्या मुलाला एरवी जे कानी पडले नसते, ते त्या दप्तरात पडले. अर्जदास्त कशी लिहितात, कौल कसा देतात, ताकीदपत्र कसे सुटते, जाबचिठ्ठीत काय मागतात, हवालदार कोणत्या आवाजात बोलतो, दाद मागणारी रयत कोणत्या आवाजात बोलते, हे सारे त्यांनी ऐकले. हबशी, तुर्क, फकीर, महार, गोंधळी किल्ल्याच्या दारी रोज येत. पुढे नाथांनी याच कागदांच्या नावांची भारुडे रचली. अर्जदास्त, अभयपत्र, ताकीदपत्र ही कचेरीतील नावे घेऊन जीवाचा अर्ज परमेश्वराच्या दरबारी नेला. संस्कृत पाठशाळेत हे शिकवीत नाहीत. ते शिकायला चाकरीच करावी लागते.

एकदा स्वामी समाधीत असता किल्ल्यावर शत्रू चालून आला. नाथांनी गुरूंचा वेष आणि शस्त्रे अंगावर चढवली, फौजेपुढे होऊन परचक्र परतवले आणि सर्व जेथल्या तेथे ठेवून पुन्हा सेवेस बसले. स्वामी उठल्यावर त्यांना अवाक्षर सांगितले नाही. शांतिब्रह्म दुबळे नव्हते, एवढे यातून ध्यानी घ्यावे.

शूलभंजनचा मलंग

देवगिरीजवळ शूलभंजन नावाचा डोंगर आहे. गुरुआज्ञेने नाथांनी तेथे अनुष्ठान केले. या डोंगराच्या शेजारीच खुलताबाद. त्या जागेचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे. सन १३२७ मध्ये महंमद तुघलकाने देवगिरीचे नाव दौलताबाद करून राजधानी इकडे आणली, तेव्हा दिल्लीचे पुष्कळ सुफी सत्पुरुषही आले. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब हे त्यांतले प्रमुख. ते १३३७ मध्ये वारले. त्यांच्या गादीवरचे जैनुद्दीन शिराझी १३६९ मध्ये गेले. दोघांच्याही कबरी खुलताबादेस आहेत. ईश्वराच्या नावाचा जप, ज्याला ते जिक्र म्हणतात, गाणे ऐकता ऐकता देहभान हरपणे, गुरूवाचून गती नाही हा विश्वास, आणि दारी आलेल्या भुकेल्याला जात न विचारता अन्न घालणे, ही त्यांची साधना. वारकऱ्याला यातले परके काय वाटावे? नामस्मरण, कीर्तन, गुरुभक्ती, अन्नदान. शास्त्र वेगळे, आचार वेगळा, ईश्वराविषयीचा सिद्धांतही कित्येक ठिकाणी वेगळा. ते भेद नाहीत असे मी म्हणत नाही. पण भूक एकच.

नाथांच्या काळाच्या आसपास विजापुराकडे मीरांजी शम्सुल उश्शाक आणि त्यांचे पुत्र बुऱ्हाणुद्दीन जानम हे सुफी फारसी सोडून दख्खनी बोलीत आपला अध्यात्मविचार लिहीत होते. पुढे तिकडच्या सुफींची जात्यावर म्हणायची गाणी झाली, त्यांना चक्कीनामे म्हणतात. आमच्या जनाबाईंनी जाते ओढता ओढता विठ्ठल गाइला आणि तिकडच्या बायाबापड्यांनी अल्ला. पंडिताची आणि मौलवीची भाषा सोडून घराघरातली बोली धरायची, हा विचार दोन्ही बाजूंस उगवला होता.

आता मलंगाची कथा. जनार्दनस्वामी नाथांना घेऊन रानात गेले. तेथे एक मलंग फकीर आला. अंगावर चामडे, डोळे लालभडक, बरोबर कुत्री. त्याने कुत्रीचे दूध मातीच्या भांड्यात काढले, त्यात भाकरी कुस्करली आणि स्वामींना जेवायला बसवले. स्वामी जेवले. नाथांच्या मनात मात्र विकल्प आला. हा कोण, हे काय, आपले गुरु याच्या पंक्तीला कसे? भांडे धुवायची आज्ञा झाली, तेव्हा नाथांनी ते धुवून ते पाणी प्राशन केले आणि गुरुकृपेने डोळे उघडले. मलंग प्रत्यक्ष दत्तात्रेय होते आणि कुत्री कामधेनू. महिपतीबुवांनी आपल्या संतचरित्रांत ही कथा मोठ्या प्रेमाने सांगितली आहे. दत्तप्रभूंना ब्राह्मणाच्या वेषात येता आले नसते काय? पण शिष्याच्या मनातली शेवटची गाठ जेथे होती, तेथेच त्यांनी बोट ठेवले.

या ठिकाणी जनार्दनस्वामींच्या गुरूंचाही विचार येतो. नाथांनी आपल्या ग्रंथांत दत्तात्रेय, जनार्दन, एकनाथ असा क्रम दिला आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमदबाबा, ज्यांना आपण कबीराचा अवतार मानतो आणि ज्यांनी योगसंग्राम हा मराठी ग्रंथ लिहिला, त्यांनी मात्र चांद बोधले हे आपले आणि जनार्दनस्वामींचेही गुरु म्हणून सांगितले. दौलताबादेस चांद बोधल्यांची समाधी आहे, तिचे रूप दर्ग्याचे आहे. कोणी म्हणतात चांद बोधले म्हणजे चंद्रभट नावाचे ब्राह्मण, कोणी म्हणतात सुफी. अभ्यासक वाद करोत. आपण एवढेच पाहावे, की एका समाधीपाशी मुसलमान शेख महंमद आणि ब्राह्मण जनार्दन हे गुरुबंधू म्हणून बसू शकले, आणि त्या घरचे पाणी नाथ प्यालेले होते.

पैठणचा वाडा

गुरूंसह नाथ नाशिक-त्र्यंबकेश्वरास गेले आणि तेथे त्यांच्याच आज्ञेने चतुःश्लोकी भागवतावर १०३६ ओव्यांची टीका लिहिली. हा त्यांचा पहिला ग्रंथ. मग तीर्थयात्रा झाली. पैठणास परतल्यावर आजोबांची भेट झाली आणि गुरूंच्या आज्ञेने विवाह झाला. गिरिजाबाई ही नाथांच्या गृहस्थाश्रमाची अर्धी ओवी. त्यांच्यावाचून त्या वाड्यातले अन्नछत्र एक दिवस चालले नसते. हरिपंडित हा मुलगा आणि दोन मुली झाल्या. मुलीच्या पोटी कवी मुक्तेश्वर जन्मले. घरात विजयी पांडुरंग, उद्धवासारखा कारभारी, पाणी वाहणारा श्रीखंड्या, आणि रोज संध्याकाळी कीर्तन.

कीर्तनाला कोणी यावे याला बंदी नव्हती, हेच गावातल्या काही मंडळींना खुपले. श्राद्धाचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. पितरांसाठी पक्वान्ने झाली होती. वाड्यावरून जाणाऱ्या महारांच्या लेकरांना वास आला, ती मुले आईबापांपाशी बोलली, आणि ते बोलणे नाथांच्या कानी पडले. गावातल्या दुसऱ्या कोणाच्या कानी ते पडले नसते, कारण त्या बोलण्याकडे कान द्यायचाच नाही अशी शिकवण होती. नाथांनी सारे अन्न त्यांना वाढले आणि पुन्हा नवा स्वयंपाक केला. ब्राह्मण जेवायला आले नाहीत, तेव्हा पितर स्वतः येऊन जेवले.

दुसरा प्रसंग वाळवंटातला. भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळूत एका महाराचे लेकरू रडत होते. नाथांनी ते कडेवर घेतले, शेंबूड पुसला आणि घरी नेऊन पोचवले. गावाने प्रायश्चित्त सांगितले. नाथांनी वाद घातला नाही, प्रायश्चित्ताला बसले. इतक्यात त्र्यंबकेश्वराहून एक कुष्ठी ब्राह्मण शोधत आला. शंकरांनी त्याला दृष्टांत दिला होता, की एकनाथाने ते लेकरू उचलल्याचे पुण्य मागून घे, बरा होशील. नाथांनी पुण्याचे उदक त्याच्या हातावर सोडले आणि त्याचे अंग निर्मळ झाले. ज्या कर्माचे प्रायश्चित्त मागत होते, त्याच कर्माने रोग गेला. यावर शास्त्रीमंडळी काय बोलणार?

आणि तो यवन. गोदावरीच्या वाटेवर त्याचे घर. नाथ स्नान करून येत आणि तो वरून थुंके. नाथ परत फिरत, पुन्हा स्नान करीत. असे १०८ वेळा झाले. शेवटी तो थकला, पाया पडला. नाथांनी राग धरला नाही, उलट एका दिवशी एवढी गंगास्नाने घडवलीस म्हणून त्याचे आभार मानले. ही कथा सांगताना कित्येकदा श्रोते त्या यवनावर चिडतात. चिडणे स्वाभाविक आहे. परंतु नाथ चिडले नाहीत, हाच कथेचा गाभा. आपण चिडून उठलो तर कीर्तनातून नाथ निघून गेले आणि थुंकणारा तेवढा आपल्याबरोबर घरी आला, असे होईल.

काशीतील परीक्षा

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावर नाथ मराठीत टीका लिहू लागले. पहिले पाच अध्याय पैठणास झाले. त्यांची प्रत काशीस पोचली आणि तेथील एका मठाधिपतींना संताप आला. व्यासांची वाणी प्राकृतात आणतो हा कोण? नाथांना बोलावणे गेले. ते पायी काशीस गेले. मठाधिपती त्यांचे तोंड पाहायलाही राजी नव्हते, म्हणून मध्ये पडदा धरला गेला अशी कथा आहे. नाथ पडद्याआडून निरूपण करू लागले. ऐकता ऐकता त्या संन्याशाचे मन विरघळले आणि पडदा बाजूला झाला. त्यांनीच मग ग्रंथ काशीत पुरा करायला सांगितले. येथे ऐकून घेण्याचे श्रेय त्या मठाधिपतींनाही दिले पाहिजे. विरोध घेऊन बसलेला मनुष्य कान उघडे ठेवील, तर त्याचाही उद्धार होतो.

काशीतच शके १४९३, सन १५७१ मध्ये रुक्मिणीस्वयंवर झाले, आणि शके १४९५, म्हणजे १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेस भागवताची टीका संपली. एकतीस अध्याय, अठरा हजारांहून अधिक ओव्या. वारकऱ्यांच्या तीन मुख्य ग्रंथांपैकी एक. पंडितांनी पोथीची मिरवणूक काढली असे परंपरा सांगते.

हिंदु-तुर्क संवाद

नाथांच्या भारुडांचे विषय शंभराहून अधिक आहेत. वासुदेव, जोगी, गोंधळी, भुत्या, कैकाडीण, जोहार घालणारा महार, फकीर, हबशी. प्रत्येकाच्या तोंडी त्याचीच बोली. त्यांतच हिंदु-तुर्क संवाद हे एक अद्भुत प्रकरण आहे. मराठी आणि दख्खनी अशा दोन्ही बोली त्यात आहेत.

रचना साधी आहे. एक तुर्क आणि एक हिंदु समोरासमोर येतात आणि एकमेकांच्या धर्मातली वर्मे काढतात. तुर्क हिंदूला विचारतो, की तुम्ही दगडाची पूजा करता, देवांच्या अशा कथा सांगता, आणि एकमेकांचा विटाळ मानून वेगवेगळे जेवता, हा कसला धर्म? हिंदु तुर्काला विचारतो, की अल्ला सर्वत्र आहे तर पश्चिमेकडेच तोंड का करता, आणि त्याचीच लेकरे असलेल्या जीवांवर सुरी कशी चालवता? शब्दाला शब्द वाढतो. कोणी कोणाला सोडत नाही. वाचताना वाटते, आता हाणामारी होणार. आणि शेवटी दोघांनाही उमगते, की आपण ज्या एकाविषयी भांडतो तो एकच आहे. दोघे एकमेकांना नमस्कार करतात, आलिंगन देतात आणि वाद मिटतो.

यात नाथांचे धैर्य पाहा. तुर्काच्या तोंडी त्यांनी लेचेपेचे आक्षेप घातले नाहीत. विटाळावरचा जो घाव तुर्क घालतो, तो पैठणच्या पंक्तीवर नेमका बसणारा आहे. नाथांना तो लपवता आला असता. तुर्काला मूर्ख करून हिंदूला जिंकवता आले असते, आणि गावाने टाळ्याही वाजवल्या असत्या. तसे त्यांनी केले नाही. निजामशाहीत राहून हिंदूच्या तोंडचे प्रश्नही त्यांनी बोथट केले नाहीत. दोघांनाही पुरते बोलू दिले. वेदांतातील पूर्वपक्षाची हीच रीत आहे. आचार्य प्रतिपक्षाचे मत त्याच्याहून चांगले मांडतात, आणि मगच सिद्धांत सांगतात. ती शास्त्रार्थाची शिस्त नाथांनी चव्हाट्यावर, साध्या माणसांच्या बोलीत आणली.

म्हणून माझी भारुडकारांना विनंती आहे. हा संवाद गाताना दोन्ही भाग गा. तुर्काचा भाग गाळून जो हिंदूचा गातो, किंवा कडवे प्रश्न गाळून नुसते शेवटचे आलिंगन दाखवतो, तो नाथांचा अर्धाच संवाद गातो. आधीची कडू मात्रा घेतल्याशिवाय शेवटचा गुण येत नाही.

हरिपंडितांची पत्रावळ

बाहेरच्यांचे ऐकणे एक वेळ सोपे. घरच्या माणसाचे ऐकणे कठीण, आणि त्यातून तो मुलगा असेल आणि विद्वान असेल तर फारच कठीण. हरिपंडित षट्शास्त्री झाले होते. वडील प्राकृतात पुराण सांगतात, कोणाच्याही हातचे खातात, हे त्यांना सहन होईना. ते घर सोडून काशीस गेले. वृद्ध नाथ त्यांच्यामागे काशीस गेले आणि समजूत घालून परत आणू लागले. हरिपंडितांनी दोन अटी घातल्या. परान्न घ्यायचे नाही आणि मराठीत पुराण सांगायचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या.

थोडे थांबून विचार करा. ज्याने मराठीसाठी काशीच्या पंडितांना तोंड दिले, त्याने मुलाच्या शब्दाखातर मराठी बंद केली. पैठणास हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागले. मीही लहानपणी पाठशाळेत लघुकौमुदी घोकली आहे, त्यामुळे हरिपंडितांची बाजू मला कळते. त्या भाषेचा अभिमान खोटा नाही, ती अमृतासारखीच आहे. पण अमृत ज्या घड्यात ठेवले त्याचे तोंडच बांधले, तर तहानेला काय उपयोग? श्रोते हळूहळू कमी झाले. वाड्याचे अंगण रिकामे पडू लागले. नाथ काही बोलले नाहीत.

पुढे एक गरीब बाई आली. तिने पूर्वी सहस्रभोजनाचा संकल्प केला होता, पण आता तिची तेवढी ऐपत राहिली नव्हती. एकटे नाथ जेवले तर हजार जेवल्याप्रमाणे, असे तिला कोणी सांगितले होते. अट मोडल्यावाचून तिचे काम होत नव्हते. हरिपंडितांनी स्वतःच स्वयंपाक करायचे ठरवून तोड काढली आणि नाथ जेवले. मग नाथांनी मुलाला उष्टी पत्रावळ उचलायला सांगितली. हरिपंडितांनी एक उचलली, खाली दुसरी. ती उचलली, खाली तिसरी. अशा हजार पत्रावळी निघाल्या. पंडितांचा अभिमान त्या पत्रावळींबरोबर उचलला गेला. ते पाया पडले आणि नाथांची मराठी पुन्हा सुरू झाली. नाथांनी मुलाला वादात जिंकले नाही. त्याच्या अटीत राहून त्याची वाट पाहिली.

ज्ञानेश्वरीची सेवा

दुसऱ्याचा शब्द जपणे म्हणजे काय, याचा कळस ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणात आहे. ज्ञानेश्वरी लिहून तीनशे वर्षे होत आली होती. उतरवून घेणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते, कोणी आपल्या ओव्याही घुसडल्या होत्या. नाथांना दृष्टांत झाला, की अजानवृक्षाची मुळी माउलींच्या कंठाला लागली आहे. ते आळंदीस गेले, रानात दबलेले समाधिस्थान शोधून काढले आणि मुळी दूर केली. मग ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या आणि शके १५०६, म्हणजे सन १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. हिशेबातली एक पै शोधणारे डोळे येथे कामाला आले. स्वतः एवढे समर्थ कवी असून त्यांनी तिच्यात आपली ओवी मिसळली नाही, आणि पुढेही कोणी मिसळू नये अशी ताकीद देऊन ठेवली. कंठाला लागलेली मुळी ही नुसती झाडाची नव्हती. दुसऱ्याच्या शब्दात आपले घुसडणे म्हणजे त्याचा गळा आवळणेच होय.

शेवटची षष्ठी

अखेरीस भावार्थरामायण हाती घेतले. युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि नाथांनी लेखणी खाली ठेवली. उरलेला ग्रंथ कोण पुरा करील? विद्वान पुष्कळ होते. पण नाथांनी बोट दाखवले ते गावबाकडे. पुरणपोळीच्या ओढीने वाड्यात राहिलेला, दुसरा कोणताही मंत्र तोंडात न बसणारा, फक्त एकनाथ हे नाव घेणारा तो मुलगा. लोक हसले. पण गावबाने ग्रंथ पुरा केला. जे बोल कोणी ऐकत नाही, त्यातही सरस्वती असते, हे नाथ जाणत होते.

सन १५९९. फाल्गुन वद्य षष्ठी. गुरूंच्या भेटीची तीच तिथी, आणि जनार्दनस्वामींच्या जन्माची व समाधीचीही तीच मानतात. नाथांनी गोदातीरी कीर्तन केले आणि नामघोषात देह गंगार्पण केला. आज पैठण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. गावाच्या वरच्या अंगास गोदावरीवर १९७६ मध्ये जायकवाडीचे धरण पुरे झाले, त्याच्या जलाशयाला नाथसागर नाव दिले आहे. मराठवाड्याची तहान त्या नावाने भागते. दर वर्षी नाथषष्ठीला दिंड्या येतात, काला होतो, आणि आषाढीला नाथांची पालखी पंढरीची वाट धरते.

पैठणास जाल तेव्हा वाड्यात विजयी पांडुरंगापुढे उभे राहा. याच अंगणात महाराची लेकरे जेवली, हरिपंडितांचे मूठभर श्रोते बसले, आणि तुर्क व हिंदु भारुडात भांडून गळ्यात गळा घालून गेले. जमले तर परतताना देवगिरीही पाहा, जनार्दनस्वामींच्या समाधीचे दर्शन घ्या, आणि चांद बोधल्यांच्या समाधीलाही हात जोडा. नाथांची वारी करायची तर एवढा नेम पुरे, की दिवसातून एकदा तरी, जो आपल्याला आवडत नाही त्याचे बोलणे मध्येच न तोडता शेवटपर्यंत ऐकावे. तुळशीची माळ गळ्यात असतेच. हा नेम कानांचा आहे. तो ज्याला साधेल त्याच्या घरी श्रीखंड्या आपण होऊन पाणी भरील.

रामकृष्णहरि.